नोकरी सोडायची नाही, रान विकायचं नाही. आधी नऊ महिने इंग्रजीला

वाळूजच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर आणि डिस्पॅचला सीनियर सुपरवायझर, हातात पगार ४६,०००. पत्नी खासगी शाळेत शिकवतात, त्यांचे १४,०००. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत. बजाजनगरात फ्लॅट, हप्ता १५,५००. आई-वडील माजलगाव तालुक्यात गावी, चार एकर रान. बँकेत ६ लाखांची एफडी. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, बी.कॉम. ५२ टक्के. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी दोनदा नाव मागे पडलं आणि साहेबांनी सांगितलं, "एमबीए करा, इंग्रजी सुधारा."

त्यांच्यापुढे तीन रस्ते आहेत. नोकरी सोडून पुण्यात दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए, फी ९ लाख. नोकरी सांभाळून एका खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए, २४ हप्त्यांत १,८०,०००. किंवा मुक्त विद्यापीठ. शिवाय शहरातला स्पोकन इंग्लिशचा एक क्लास, सहा महिन्यांचे ३५,०००. वडील म्हणतात, "एक एकर काढू, पण तू शीक." काय करू, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार. तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे उत्तर मोघम द्यावं लागणार नाही. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आकड्यांचं नाही. तुम्ही लिहिलं आहे: "मेल वाचून कळतो, पण चेन्नईच्या कस्टमरचा फोन आला की मी ज्युनिअरच्या हातात देतो." बढती अडली आहे ती या फोनपाशी. पदवी हवीच, पण ती दुसऱ्या नंबरावर. नोकरी सोडू नका, रान विकू नका, ऑनलाइनवाल्यांना आज एक रुपयाही भरू नका. नऊ महिने इंग्रजीवर घालवा आणि मग नोकरी करता करता स्वस्तातली, मान्यताप्राप्त पदवी घ्या. असं का, ते आता हिशेबाने बघू.

पुण्याच्या एमबीएची किंमत ९ लाख नाही. दोन वर्षं पगार बुडणार, म्हणजे ४६,००० गुणिले २४, ११,०४,०००. पुण्यात राहणं-खाणं महिन्याला १४,००० धरलं तर ३,३६,०००. फी मिळवली की बेरीज २३,४०,००० होते. दोन वर्षांचा पीएफ आणि कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं कवच गेलं, ते यात धरलेलंच नाही. मेडिक्लेममध्ये तुमचे आई-वडील आहेत आणि वडिलांना मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय. या वयात, या आजारासह नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर हप्ताही जड आणि अटीही जड.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. या कंपनीत तुम्हाला ४ वर्षं ३ महिने झालेत. ग्रॅच्युइटीचा हक्क ५ वर्षांनी लागतो. आज राजीनामा दिलात तर हातात शून्य. पाच वर्षं भरली की बेसिक २६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ७५,०००. नुसतं नऊ महिने थांबल्याने ७५,००० तुमच्या नावावर लागतात. एफडी इतकं देत नाही.

घरखर्च तुम्ही दिलाच आहे: हप्ता १५,५००, शाळा आणि रिक्षा ७,०००, किराणा-वीज-दूध वगैरे १९,०००, गावाकडे ६,०००, विमा २,५००, पेट्रोल आणि मोबाइल ४,०००. एकूण ५४,०००. दोघांचे ६०,००० येतात, ६,००० उरतात. तुमचा पगार थांबला की घरात येणार १४,०००, जाणार ५४,०००, आणि पुण्याचे १४,००० वेगळे. दर महिन्याला ५४,००० चा खड्डा. ६ लाखांची एफडी अकरा-बारा महिन्यांत संपते, तिसरं सेमिस्टर उजाडायच्या आत. उरलेलं वर्ष काढायला मग हातउसने, सोनं गहाण, किंवा ते एक एकर.

फीसाठी शैक्षणिक कर्ज मिळेल, असं कॉलेजने सांगितलं आहे. मिळेलही, पण साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. फ्लॅट आधीच गहाण आहे. शेतजमीन तारण घ्यायला बँका का-कू करतात, कारण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. समजा कसंतरी जमलं. साडेदहा टक्के व्याज, फी दोन वर्षांत निम्मी-निम्मी उचलली, कोर्स आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, तर हप्ता सुरू होईपर्यंत ९ लाखांचे ११,३६,००० झालेले असतात आणि दहा वर्षांचा हप्ता साधारण १५,३०० बसतो. घराचे १५,५०० आणि हे, दोन्ही मिळून जवळपास ३१,०००.

समजा एमबीएनंतर पगार ७५,००० झाला, म्हणजे आजच्यापेक्षा २९,००० जास्त. तेवढ्या वाढीतून २३,४०,००० भरून निघायला ८१ महिने लागतात, तेही व्याज न धरता. तोवर तुमची पंचेचाळिशी आलेली असेल. आणि ७५,००० मिळतीलच असंही नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बावीस-पंचविशीतल्या पोरांच्या जागा भरायला येतात. बारा वर्षं डिस्पॅच सांभाळलेल्या अडतीस वर्षांच्या माणसाला त्या चौकटीत बसवायचं कसं, हे त्यांनाही कळत नाही. तुमचा अनुभव तिथे बिनकामाचा ठरतो. तुमच्या कंपनीत मात्र तोच अनुभव तुमचं भांडवल आहे.

रानाबद्दल. वडिलांचं मन मोठं आहे, त्याचा मान ठेवा आणि त्यांना नाही म्हणा. आई-वडिलांचा म्हातारपणाचा आधार तेवढाच आहे. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमच्या बहिणींचाही मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे सह्या त्यांच्याही लागतात आणि एका विक्रीपायी भावंडांत कायमचं वितुष्ट येतं. यंदाच्या सोयाबीनचे एक लाख येतील असंही तुम्ही धरलंय. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, पण काढणीला पाऊस आला, माल भिजला, की आडतीवर काय भाव सांगतात हे तुम्हाला सांगायला नको. आले तर शेतातच घाला. फीच्या हिशेबात ते धरू नका.

आता पदवीआधी इंग्रजी का? याचं उत्तर घड्याळ लावून मिळतं. व्यवस्थापनाचं कुठलंही इंग्रजी पाठ्यपुस्तक घ्या, मधलं एक पान उघडा आणि समजून घेत वाचा. पानावर साधारण ३५० शब्द असतात. पत्रावरून अंदाज असा, की तुम्हाला सहा-सात मिनिटं लागतील. म्हणजे मिनिटाला ५०-६० शब्द. त्या वेगाने ३०० पानांचं एक पुस्तक वाचायला कमीत कमी २९ तास लागतात, तेही एकदाच. वेग १२० शब्दांवर गेला की तेच पुस्तक पंधरा तासांत होतं. एका सेमिस्टरला सात विषय धरा: एका बाजूला दोनशे तास, दुसऱ्या बाजूला शंभर. शिफ्ट, घर, मुलं सांभाळून आठवड्याला जास्तीत जास्त पंधरा तास काढणाऱ्या माणसासाठी हे वरचे शंभर तास म्हणजे जवळजवळ सात आठवडे. नोकरी करून एमबीएला बसलेले लोक बहुतेक इथेच मागे पडतात. विषय अवघड म्हणून नव्हे. भाषेत वेळ जातो, स्वाध्याय राहतात, परीक्षेचा फॉर्म चुकतो आणि भरलेली फी वाया जाते.

इंग्रजीचं माप आधी घ्या. केंब्रिज इंग्लिशच्या संकेतस्थळावर २५ प्रश्नांची मोफत चाचणी आहे, ती द्या. भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा असतात. तुमचं वाचन बी-१ च्या आसपास आणि बोलणं ए-२ ला असावं. एमबीएचं पुस्तक न अडखळता वाचायला आणि मीटिंगमध्ये उभं राहायला बी-२ लागतं. एक पायरी चढायला केंब्रिजच्याच मापाने साधारण २०० तास मार्गदर्शनाखालचा अभ्यास लागतो. रोज एक तास, नऊ महिने, म्हणजे २७० तास. एवढ्यात तुमचं वाचन बी-२ ला पोचेल, बोलणं बी-१ ला पक्कं होईल. तीन महिन्यांत फाडफाड बोलाल, असं कुणी म्हणत असेल तर त्याला हे २०० तासांचं गणित विचारा.

त्या ३५,००० च्या क्लासचंही असंच गणित करा. बॅच चाळीस जणांची, तास दीड तासाचा. सरांनी तोंडच उघडलं नाही असं धरलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला सव्वादोन मिनिटं येतात. बोलायला शिकायचंय आणि बोलायला मिळणार सव्वादोन मिनिटं. त्यापेक्षा पहिले तीन महिने घरीच करा. चौथ्या महिन्यापासून इंग्रजीत एम.ए. झालेल्या, शिकवण्या घेणाऱ्या कुणाकडे तरी एकट्याने जा, आठवड्यातून दोनदा एक-एक तास. तासाला ३५० धरले तर सहा महिन्यांचे ५२ तास १८,२०० मध्ये होतात आणि पूर्ण तास तोंड तुमचंच चालतं. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा: व्याकरणाचं पुस्तक नको, मी बोलतो, तुम्ही चुका लिहून ठेवा, शेवटची दहा मिनिटं त्यांच्यावर.

घरचा तास कसा घालवायचा? व्याकरणाच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात केलीत तर पंधराव्या दिवशी पुस्तक कपाटात जाईल. सुरुवात तुमच्या आउटबॉक्सपासून करा. मागच्या महिन्यात पाठवलेले दहा मेल काढा. त्यात बहुधा असं वाक्य सापडेल: "आय हॅव सेंट द मटेरियल येस्टरडे." मराठीत "काल माल पाठवलाय" अगदी बरोबर आहे, म्हणून ते तसंच इंग्रजीत उतरतं. पण इंग्रजीत काल, परवा, सोमवारी अशी वेळ सांगितली की "हॅव" चालत नाही: "आय सेंट द मटेरियल येस्टरडे." दुसरं: "वुई आर हॅविंग टू हंड्रेड बॉक्सेस." आपल्याकडे दोनशे खोकी "आहेत", ती कुठली क्रिया चालू नाही, म्हणून "वुई हॅव". तिसरं, "डिस्कस अबाउट". मराठीत चर्चा एखाद्या गोष्टी"बद्दल" होते, म्हणून तो "अबाउट" आपोआप घुसतो. इंग्रजीत नुसतं "डिस्कस द इश्यू". चौथं म्हणजे "द" आणि "अ". मराठीत ही सोयच नाही, त्यामुळे आपण ते एक तर गाळतो नाही तर सगळीकडे पेरतो. एकच नियम आधी पक्का करा: पहिल्यांदा उल्लेख आला की "अ", दुसऱ्यांदा त्याच वस्तूबद्दल बोलताना "द". अ ट्रक अराइव्ह्ड. द ट्रक वॉज ओव्हरलोडेड. या चार चुका गेल्या तरी तुमचे मेल वेगळे दिसायला लागतील. चुकांची एक वही ठेवा: डाव्या पानावर लिहिलेलं, उजव्या पानावर दुरुस्त केलेलं, खाली मराठीतलं कोणतं वाक्य डोक्यात होतं ते. तिसरी ओळ महत्त्वाची. चूक कुठून आली हे कळलं की ती परत येत नाही.

मोबाइलवरच्या एआयकडून मेल दुरुस्त करून घ्यायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिहा आणि मग विचारा की काय बदललं, का बदललं. आयता मेल घेतलात तर मेल सुधारतो, तुम्ही आहात तिथेच राहता. कस्टमरचं नाव, रेट, पार्ट नंबर त्यात टाकू नका.

बोलण्यासाठी रोज दोन मिनिटं फोनवर रेकॉर्डिंग करा. विषय बाहेरचा नको. आज डिस्पॅचला काय अडलं: कोणता माल, किती नग, का अडला, आपण काय केलं. पहिल्यांदा अडखळाल, पाच ठिकाणी मराठी शब्द येतील. ते पाच शब्द शोधा आणि तेच दोन मिनिटं पुन्हा बोला, मग तिसऱ्यांदा. तिसरं रेकॉर्डिंग ठेवा, आधीची पुसा. महिन्याने पहिल्या दिवसाचं आणि तिसाव्या दिवसाचं लागोपाठ ऐका.

उच्चारात तुमच्या कामाचे दोनच शब्द आधी धरा, व्हेंडर आणि वेअरहाऊस. व्हेंडरला खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. वेअरहाऊसला दोन्ही ओठ गोल होतात, दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर वीस वेळा म्हणा. दिवसातून पन्नासदा तोंडात येणारे शब्द आहेत, इथे सुधारलं की पुढे व्हॅल्यू आणि वर्क, व्हेरिफाय आणि वेट, सगळं आपोआप सुटत जातं.

ऐकण्यासाठी कंपनीची बस आहे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं "सिक्स मिनिट इंग्लिश" मोफत आहे आणि सोबत लिखित मजकूरही असतो. जाताना एकदा नुसतं ऐका, येताना मजकूर बघत ऐका, घरी बोलणाऱ्याच्या मागोमाग तसंच म्हणा. नवीन एक भाग रोज नको. एकच भाग तीन दिवस पुरवा. वाचायला इंग्रजी वर्तमानपत्रातलं व्यापार-उद्योगाचं पान, रोज एक बातमी, घड्याळ लावून. सुटे शब्द पाठ करू नका, जोड्या लिहा: प्लेस अ‍ॅन ऑर्डर, मीट अ डेडलाइन, रेझ अ कन्सर्न. आणि रविवारी २५० शब्दांचा सारांश. एमबीएच्या स्वाध्यायात सगळा मारा लिहिण्यावरच असतो, आणि बारा वर्षं सलग चार वाक्यांपलीकडे न लिहिलेल्या हाताला ते एकदम जमत नाही.

मुलीचं तिसरीचं इंग्रजी पुस्तक रोज रात्री तिच्यासोबत मोठ्याने वाचा. तिच्या आईची मदत घ्या. त्या शिक्षिका आहेत, चूक कुठे थांबवायची आणि कुठे जाऊ द्यायची हे त्यांना कळतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हा तास सकाळी येईल, फर्स्ट शिफ्टला रात्री. वेळ बदलली तर चालेल, दिवस चुकू देऊ नका.

आता एमबीए निवडताना. ज्या ऑनलाइन एमबीएचे फोन तुम्हाला रोज येतात त्याबद्दल आधी. "शेवटच्या तीन जागा" हे खोटं आहे हे तुम्हीही ओळखलं असेल. ऑनलाइन वर्गात खुर्च्या मोजायच्या नसतात. हप्त्याचं बघा. २४ हप्ते ७,५०० चे, "झीरो कॉस्ट". पण त्याच माणसाने तुम्हाला सांगितलं की एकरकमी भरलेत तर १,५५,०००. मग वरचे २५,००० कशाचे? १,५५,००० वर २४ महिन्यांत १,८०,००० म्हणजे वर्षाला जवळपास १५ टक्के व्याज होतं. शिवाय हा हप्ता विद्यापीठाकडे जात नाही. तुमच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज उभं राहतं. मध्येच कोर्स सोडलात तरी ते फेडावं लागतं आणि थकलं तर सिबिल खराब होतं, म्हणजे उद्या घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं म्हटलं तरी अडचण. आणि तुमच्याकडे महिन्याला उरतात ६,०००. साडेसात येणार कुठून?

ऑनलाइन पदवी वाईट असते असं मात्र समजू नका. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मान्यता तपासायची ती यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर, विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबून नाही. तिथे चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: विद्यापीठाचं नाव, एमबीए हाच अभ्यासक्रम, पद्धत ऑनलाइन की दूरस्थ, आणि तुम्ही प्रवेश घेताय तेच सत्र. विद्यापीठाला मान्यता आहे पण एमबीएला नाही, किंवा मागच्या वर्षी होती आणि यंदा नाही, असं असू शकतं. प्रवेशाआधी डीईबी आयडी काढावा लागतो. तो नको म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. तुमची बी.कॉम. तीन वर्षांची आहे, तेव्हा त्यावरची मास्टर्स पदवी दोन वर्षांची. "दहा महिन्यांत एमबीए" म्हणून जे विकतात ते प्रमाणपत्र असतं, नावात एमबीए हा शब्द असला तरी.

मोठ्या संस्थांचे एक्झिक्युटिव्ह कार्यक्रम चांगले असतात, पण त्यातले बरेचसे प्रमाणपत्राचे आहेत, पदवीचे नाहीत, आणि खर्च लाखांत. सध्या तो विषय बाजूला ठेवा.

मराठवाड्यातच पूर्णवेळ एमबीए करायचं तर राज्याची एमबीए सीईटी द्यावी लागते: २०० प्रश्न, १५० मिनिटं, त्यात ५० इंग्रजीचे, चुकल्यास गुण कापत नाहीत. वयाची अट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही सोय आहे. पण हजेरीचं काय? "हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला या" असं सांगणारी ठिकाणं भेटतात. तो मोह टाळा. उद्या मोठ्या कंपनीने तुमची कागदपत्रं तपासली, तर पूर्णवेळ पदवी आणि पूर्णवेळ नोकरी एकाच तारखांना दिसेल. मग पदवी खोटी की अनुभव खोटा, एवढाच प्रश्न उरतो आणि नोकरीच धोक्यात येते.

म्हणून तुमच्यासाठी मुक्त विद्यापीठ. इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. यशवंतरावचं विभागीय केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे, नांदेडलाही आहे. इग्नूचं एमबीए किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतं, फी सेमिस्टरनिहाय भरायची, आणि सगळी मिळून ऑनलाइनच्या निम्म्याहूनही कमी बसते. सर्वसाधारण प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात, तुमचे ५२ आहेत. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला. नियमित स्वाध्याय सत्रान्त परीक्षेआधी जमा करावे लागतात, त्याला ३० टक्के वजन आहे. लोक अडकतात ते इथे.

दोन वर्षांत होईल असं मात्र धरू नका. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. इग्नूच्या एमबीएला शंभराहून जास्त क्रेडिट असतात, म्हणजे तीन हजारांवर तास. आठवड्याला पंधरा तास दिलेत तर निदान २०० आठवडे, पावणेचार वर्षांच्या वर. ऑपरेशन्सचे विषय तुमच्या रोजच्या कामातले आहेत, तिथे वेळ वाचेल, अकाउंट्सही बी.कॉम.मुळे सोपं जाईल. तीन वर्षं धरून चला. आणि विशेषीकरण ऑपरेशन्सचंच घ्या. एचआर सोपं म्हणून एचआर घेणारे पुष्कळ असतात, पण डिस्पॅचच्या माणसाला त्याचा पगारात उपयोग होत नाही.

पैसे कसे जुळवायचे? सहा महिन्यांचा घरखर्च ३,२४,००० एफडीत ठेवा, त्याला हात लावू नका. मुदत लहान ठेवा म्हणजे मोडायची वेळ आली तरी व्याज फार बुडत नाही. महिन्याचे ६,००० पहिले तीन महिने आरडीत घाला. पुढचे सहा महिने त्यातूनच शिकवणी. नऊ महिन्यांत ५४,००० मधून १८,२०० गेले की ३५,८०० उरतात, त्यात पहिल्या वर्षाची बरीचशी फी निघते. कमी पडलं तर एफडीच्या वरच्या २,७६,००० मधून घ्या. कर्ज लागतच नाही. शैक्षणिक कर्जावर कर वाचतो असं तुम्हाला कॉलेजने सांगितलं आहे. ज्याला सगळे ८०-ई म्हणतात ती व्याजाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र पगाराला कर लागत नाही, तुमचा पगार त्याच्या आत आहे. वाचवायला करच नाही. स्वतःची फी ८०-सी मध्येही बसत नाही, तिथे फक्त मुलांची बसते.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. एचआरला मेल करा, तोंडी विचारू नका. चार प्रश्न: असिस्टंट मॅनेजरच्या जागेला एमबीए ही लेखी अट आहे का; मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का; कंपनी फीचा काही भाग देते का, आणि देत असेल तर किती वर्षांचा बाँड; परीक्षेसाठी रजा मिळते का. हा मेल इंग्रजीत लिहा. तुमच्या नऊ महिन्यांचा तोच पहिला स्वाध्याय. आधी वहीत, मग पत्नीला दाखवून, मग पाठवा. उत्तर "अट नाही" असं आलं, तर एमबीए मागे टाकून कंपनीत वापरात असलेल्या सॅप या सॉफ्टवेअरचं मालाच्या व्यवस्थापनाचं एमएम मॉड्यूल आणि अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल शिका. पैसे कमी जातील, उपयोग लवकर दिसेल. मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही म्हणाले, तर पुढचं एकही पाऊल टाकू नका आणि मला परत लिहा, मग हिशेब वेगळा मांडावा लागेल.

इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला होतात, तेव्हा घाई करायचं कारण नाही. नऊ महिन्यांनी तेच पान पुन्हा घड्याळ लावून वाचा. साडेतीन मिनिटांच्या आत झालं आणि चेन्नईचा फोन पाच मिनिटं स्वतः घेता आला, तर येणाऱ्या सत्राचा फॉर्म भरा. नाही झालं तर त्याच्या पुढच्या सत्राचा.